वाळूची कौले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा चिटणीसांची अपेक्षा अशी होती की आम्ही गोरोबाकाकांच्या चरित्रावर बोलावे. त्या विषयावर बोलण्याचा आमच्याहून मोठा अधिकार असलेली पुष्कळ वडील मंडळी या सभागृहात बसलेली आहेत. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले शाळामास्तर. मुलांना पदार्थविज्ञानाचे पहिले धडे शिकविण्यात आमचा जन्म गेला. म्हणून आम्ही आज एका परदेशी विदुषीची हकीकत सांगण्याचे योजले आहे. त्यांचे नाव डॉ. बॉनी डनबार. आपल्या ज्ञातीशी त्यांचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही, परंतु त्यांचा धंदा मात्र आपलाच आहे. त्यांनी विद्यापीठात जो विषय घेतला त्यास 'सिरॅमिक अभियांत्रिकी' असे म्हणतात. आणि सिरॅमिक हा शब्द 'केरामोस' या ग्रीक शब्दापासून निघाला आहे. केरामोस म्हणजे कुंभाराची माती.

या विषयाकडे आम्ही वळलो त्यास एक निमित्तही घडले. आपल्याच एका सुविद्य बांधवाची कन्या बारावीला शास्त्र शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली, आणि आपणांस याच विषयाचा अभ्यास करावयाचा आहे असे तिने घरी सांगितले. वडील आमच्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, आमच्या वडिलांनी आम्हांला मोठ्या कष्टाने चिखलातून बाहेर काढले. आता मुलीने पुन्हा चिखलात हात घालायचा काय?" त्या गृहस्थांच्या बोलण्यात उपहास नव्हता, दुःख होते. ज्या घराने आव्याचा धूर तीन पिढ्या गिळला आहे त्या घरातील बापास असे वाटणे आम्हांस गैर वाटत नाही. परंतु त्या मुलीस उत्तर द्यावयाचे तर माती आज कोठवर जाऊन पोहोचली आहे हे आपणां सर्वांस ठाऊक असले पाहिजे.

बॉनी डनबार यांचा जन्म १९४९ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेच्या वायव्य टोकास असलेल्या वॉशिंग्टन राज्यातील सनीसाइड या गावी झाला. आईवडील याकिमाच्या खोऱ्यात गुरे पाळून राहणारे शेतकरी. त्यांचे बालपण अशा शेतावर, गुरावासरांच्या संगतीत गेले. रशियाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह १९५७ साली आकाशात सोडला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी सिरॅमिक अभियांत्रिकीची पदवी १९७१ साली घेतली. त्या काळी अभियांत्रिकीच्या वर्गात मुलगी बसणे ही तिकडेही नवलाईचीच गोष्ट होती. ती सवलत केवळ आपल्याकडेच नाकारली जात असे अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. पुढे दोन वर्षे बोइंग कंपनीच्या संगणक विभागात नोकरी करून त्या पुन्हा त्याच विद्यापीठात परतल्या व १९७५ साली पदव्युत्तर पदवी मिळविली.

त्या विभागाचे प्रमुख होते प्रा. जेम्स म्युलर. अमेरिकेची अवकाशसंस्था नासा हिच्या अनुदानातून तेथे संशोधन चालत असे, आणि त्यात एक काम अवकाशयानाच्या कौलांचे होते. आमच्या आजच्या व्याख्यानाचा गाभा हीच कौले असल्यामुळे त्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

नासाने 'स्पेस शटल' या नावाची याने बांधली, ती विमानाप्रमाणे परत येऊन पुन्हापुन्हा उडावयाची होती. वर फिरत असताना असे यान ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावते. परतताना ते वातावरणात शिरले म्हणजे पुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की यानाच्या पोटावर सुमारे १,२६० अंश सेल्सिअस उष्णता चढते. यानाची त्वचा तर ॲल्युमिनियमची. ती सुमारे १७५ अंशांच्या वर तापू देता येत नाही. पूर्वीच्या अवकाशकुप्यांना जे कवच असे ते स्वतः जळून, झडून आतल्या माणसांना वाचवी. अर्थात ते एकदाच उपयोगी पडे. शटलला हवे होते न जळणारे, हलके आणि पुनःपुन्हा चालणारे कवच. ते मिळाले वाळूतून. अत्यंत शुद्ध वाळूच्या, म्हणजे सिलिकाच्या, केसाहून बारीक तंतूंचा लगदा करून, त्याच्या विटा घालून, त्या भट्टीत भाजून ही कौले कापून काढीत. पहिल्या 'कोलंबिया' यानावर अशी सुमारे ३१,००० कौले होती, आणि बहुतेक प्रत्येकाचा आकार निराळा, कारण यानाचे अंग कोठेही सपाट नाही. आपल्या मंगलोरी कौलाप्रमाणे एका साच्यातून शंभर काढावीत अशी सोय तेथे नव्हती.

या कौलाचे खरे मर्म त्याच्या पोकळपणात आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असते. तितक्याच आकाराच्या पाण्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतके त्याचे वजन. आपल्या मातेभगिनी मातीत घोड्याची लीद आणि राख मिसळून मळतात. आव्यात ती लीद जळून जाते आणि मडक्याच्या अंगी बारीक छिद्रे राहतात. म्हणून मडके उन्हाळ्यात पाणी गार ठेवते व आव्यात सहसा तडकत नाही. शटलच्या कौलातील पोकळी निराळ्या रीतीने येते, परंतु रिकाम्या जागेकडून काम करून घेण्याची युक्ती तीच. भट्टीतून लालभडक निघालेले असे कौल दुसऱ्याच क्षणी उघड्या हाताने कोपऱ्यांना धरून उचलून दाखवीत. आत ते अंगारासारखे तळपत असे, पण उष्णता बोटापर्यंत पोहोचत नसे. शिवाय सिलिका तापल्याने फारशी फुगत नाही. तापल्या आव्यावर वळवाची सर आली तर काय होते हे येथे कोणास सांगावयास नको. वाळूच्या कौलास तसला धक्का बाधत नाही. पोटाखालच्या कौलांवर काळा काचलेप दिलेला असे, तो उष्णता परत बाहेर टाकण्याकरिता. आणि मडक्याप्रमाणेच हे कौलही पाणी पिते, म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी त्यास पाणी न लागू देणारे औषध टोचावे लागे.

पदव्युत्तर प्रबंधाकरिता डनबारबाईंनी मात्र दुसराच पदार्थ घेतला होता. सोडियम बीटा-ॲल्युमिना या घन पदार्थात सोडियमचे कण एखाद्या द्रवात फिरावेत तसे सरकत असतात, आणि भोवतालचा सांगाडा मात्र जागचा हलत नाही. ते कण कसे व किती वेगाने सरकतात हा त्यांचा विषय. त्यानंतर इंग्लंडातील ऑक्सफर्डजवळच्या हार्वेल प्रयोगशाळेत त्यांनी द्रव पदार्थ घन पृष्ठावर कसा पसरतो याचा अभ्यास केला. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा राहतो आणि कच्च्या मडक्यावर तोच क्षणात मुरतो, या साध्या प्रश्नाचेच ते शास्त्रीय रूप. जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्यास 'पदार्थविज्ञान' म्हणत त्या नावास इतका शोभणारा अभ्यास आम्हांस दुसरा दिसत नाही. आता त्यास भौतिकी म्हणतात. म्हणोत.

इंग्लंडहून परतल्यावर त्या शटल बांधणाऱ्या रॉकवेल कंपनीत वरिष्ठ संशोधक म्हणून रुजू झाल्या. कॅलिफोर्नियातील पामडेल येथे यानाचे हे उष्णतारोधक कवच तयार करण्याची यंत्रसामग्री आणि पद्धती सिद्ध करणे हे त्यांचे काम. प्रयोगशाळेत एक कौल चांगले निघणे आणि कारखान्यात हजारो कौले तशीच निघणे यांत जे अंतर आहे ते आव्यापाशी उभे राहिलेला माणूसच जाणतो. १९७८ साली कंपनीने त्यांस वर्षातील उत्तम अभियंता म्हणून गौरविले. त्याच वर्षी त्या नासाच्या ह्यूस्टन येथील केंद्रात नियंत्रणकक्षात काम करण्यास गेल्या, आणि १९७९ च्या जुलैत स्कायलॅब ही जुनी अवकाशशाळा पृथ्वीवर कोसळली त्या वेळी मार्गनियंत्रण पाहणाऱ्या अधिकाऱ्यांत त्या होत्या.

इकडे कौलांचे संकट त्याच साली उभे राहिले. १९७९ च्या मार्चमध्ये कोलंबिया यान विमानाच्या पाठीवर बसवून फ्लोरिडास नेले तेव्हा हजारो कौले लावावयाची शिल्लक होती, आणि वाटेत आणखी कित्येक गळाली. चौकशीअंती निघाले ते असे. कौल ठिसूळ, आणि खालचे ॲल्युमिनियम तापल्याने व ताणाने हलणारे. म्हणून दोहोंच्या मध्ये नमद्याचा थर घालून चिकटविलेले असे. कौल एकटे पुरेसे मजबूत, नमदाही एकटा मजबूत. परंतु दोन्ही जोडले की जोड निम्म्याच ताकदीचा भरे, कारण नमद्यातील उभे धागे कौलास ठिकठिकाणी टोचल्यासारखे ओढीत. उपाय योजला तो ऐकून आपणांस हसू येईल. कौलाच्या तळास वाळूच्या अतिसूक्ष्म कणांचे दाट पाणी पाजून तेवढा भाग घट्ट केला. रांजणास कान जोडताना आपण पातळ चिखलाचा हात देतो, त्यातलाच हा प्रकार!

मग लावलेली कौले ओढून पाहण्याची चाचणी सुरू झाली. ओढताना आतले तंतू तुटण्याचा आवाज होतो काय, हे ध्वनियंत्र लावून ऐकत. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतमंडळींच्या मस्तकावर एकेक टोला मारला आणि कोणते मडके कच्चे, कोणते भाजलेले हे सांगितले, ही कथा आपल्या घरोघरी सांगतात. मडके वाजवून पारखण्याची ती विद्या अमेरिकेत कोणी नेली नाही. तिकडच्या लोकांना ती स्वतंत्रपणे सुचली. परंतु भाजलेल्या वस्तूच्या पोटातले गुपित कानाने कळते, हे त्यांस आणि आपणांस सारखेच मान्य दिसते. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया प्रथम उडाले. १६ कौले गळाली, पुष्कळांना इजा झाली, आणि यान दोन्ही वीरांसह सुखरूप उतरले.

त्याच साली डनबारबाई स्वतः अंतराळवीर झाल्या. ज्याने आवा लावला त्यानेच त्यात बसून पाहावे, तसे हे झाले. एकूण पाच वेळा त्या वर जाऊन आल्या व पन्नास दिवसांहून अधिक काळ अवकाशात राहिल्या; प्रत्येक परतीच्या वेळी पायाखाली तीच वाळूची कौले. पहिले उड्डाण ३० ऑक्टोबर १९८५ रोजी 'चॅलेंजर' यानातून झाले. आठ माणसे एका यानात, आणि जर्मनीने आखलेले पाऊणशे प्रयोग. त्या उड्डाणानंतर चॅलेंजर पुन्हा सुखरूप परतलेच नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत ते नष्ट झाले व सात माणसे गेली. कारण कौल नव्हते. थंडीने कडक झालेले रबराचे कडे होते. पदार्थाचा स्वभाव हवामानाप्रमाणे बदलतो, ही ओळ आम्ही फळ्यावर कितीदा लिहिली असेल. तिची किंमत सात माणसे असू शकते हे त्या दिवशी कळले.

या अपघाताने उड्डाणे थांबली, आणि त्यामुळे एक विलक्षण प्रयोग आपोआप लांबला. एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजरनेच आकाशात एक प्रचंड दंडगोल सोडून ठेवला होता. सुमारे ९ मीटर लांब, एखाद्या बसगाडीएवढा. त्याच्या अंगावर निरनिराळे धातू, रंग, काचा, चिनी मातीसारखे पदार्थ, प्लॅस्टिकचे पापुद्रे, अशा नाना वस्तूंचे तुकडे लावून ठेवलेले होते. एकूण ५७ प्रयोग. अवकाशात ठेवलेली वस्तू कशी झिजते, कशी कुजते हे पाहण्याकरिता वर्षभराने तो परत आणावयाचा होता. यानेच बंद पडल्यावर तो तसाच फिरत राहिला. एक नव्हे, जवळजवळ पावणेसहा वर्षे. हळूहळू तो खाली घसरू लागला. आणखी थोडा काळ गेला असता तर तो वातावरणात शिरून जळाला असता, आणि त्यावरची सारी विद्या राख झाली असती.

जानेवारी १९९० मध्ये तो आणण्यास कोलंबिया गेले, त्यात डॉ. डनबार होत्या. १२ तारखेस त्यांनी यानाचा यांत्रिक हात चालवून तो दंडगोल धरला. त्याचे वजन साडेनऊ टनांहून अधिक. वर वजन जाणवत नाही हे खरे, परंतु जडत्व जात नाही, आणि चुकीचा एक धक्का बसला असता तर तो दूर गेला असता किंवा यानावर आपटला असता. इतकी वर्षे उघड्या अवकाशात राहिलेल्या त्या नमुन्यांस धक्का न लावता त्यांनी तो यानाच्या पोटात बसविला. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचे काम हेच.

त्यातून जे निष्पन्न झाले ते पुढील सर्व उपग्रहांच्या व अवकाशस्थानकाच्या बांधणीस उपयोगी पडले. तितक्या उंचीवर प्राणवायूचे सुटे अणू असतात. यान सेकंदास सुमारे आठ किलोमीटर वेगाने धावत असल्यामुळे ते अणू समोरच्या बाजूवर आदळतात आणि प्लॅस्टिकसारखे पदार्थ पोखरून काढतात. दंडगोलाची पुढची बाजू आणि मागची बाजू यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला होता. काही पापुद्रे तर पुढच्या बाजूस नाहीसेच झाले होते. बारीक उल्कांचे व माणसाने टाकलेल्या कचऱ्याचे ३०,००० हून अधिक खळगे त्याच्या अंगावर मोजले गेले. आम्ही मास्तर असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या दंडगोलात टोमॅटोचे १ कोटी २५ लक्ष बी होते. ते परत आल्यावर शाळाशाळांतून वाटले गेले व मुलांनी ते पेरले. आणि ते उगवले. ज्याने ही कल्पना काढली तो पूर्वजन्मी प्राथमिक शिक्षक असला पाहिजे.

१९९२ च्या उड्डाणात सर्व शास्त्रीय कामाची मुखत्यारी डॉ. डनबार यांजकडे होती. सुमारे चौदा दिवसांच्या त्या प्रवासात यानातच एक भट्टी चालविली होती, १,००० अंशांहून अधिक तापणारी, तीत स्फटिक वाढवावयाचे. पृथ्वीवर वितळलेल्या रसात उष्ण भाग वर चढतो, थंड खाली बसतो, व त्या ढवळण्याने स्फटिकात दोष राहतात. वर हे ढवळणे जवळजवळ थांबते. आव्याच्या वरच्या थरातील आणि तळच्या थरातील मडकी एकसारखी का भाजत नाहीत, हे ज्याने पाहिले आहे त्यास या प्रयोगाचे प्रयोजन चटकन कळावे.

नोकरी चालू असतानाच १९८३ साली त्यांनी ह्यूस्टन विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी घेतली होती. प्रबंधाचा विषय हाडांचा. अवकाशात देहाचा भार हाडांवर पडत नाही, म्हणून ती क्षीण होतात. अशा स्थितीत हाडाची ताकद किती उतरते व ते किती सहज तडकते, हे त्यांनी मोजले. सिरॅमिक शिकलेल्या बाईने हाडास हात घातला याचे काहींना नवल वाटेल. आम्हांस वाटले नाही. हाड हाही एक कठीण, सच्छिद्र, तडकणारा पदार्थच आहे. पुढे १९९४ मध्ये मॉस्कोजवळच्या तारानगरीत तेरा महिने राहून, रशियन भाषेत शिक्षण घेऊन, 'मीर' स्थानकावरील दीर्घ मुक्कामाची तयारी त्यांनी केली. तो मुक्काम त्यांच्या वाट्यास आला नाही; त्या राखीव होत्या. १९९५ व १९९८ साली मात्र त्या शटलमधून मीरला जाऊन आल्या.

आता आपल्या घराकडे येऊ. माती चाळणे, कालवणे, तुडविणे, वाळवणे, रंग देणे, आवा रचावयास मदत करणे, ही सारी कामे आपल्या स्त्रिया पिढ्यानपिढ्या करीत आल्या. चाकास मात्र स्त्रीने हात लावू नये असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता, आणि काही घरांत अजूनही आहे. त्याचे शास्त्र आम्ही अनेक वृद्धांना विचारले. कोणी समाधानकारक सांगितले नाही. मातीचा पोत बोटाने ओळखणारी निम्मी विद्या ज्या हातांत होती त्या हातांस आपण धंद्याच्या मध्यावर येऊ दिले नाही, इतके मात्र खरे. आणि आता मुलगा अभियंता व्हावा म्हणून आपण शेत गहाण टाकतो, मुलीने विषय निवडला की 'चिखल' आठवतो.

धोका नाही असे मात्र आम्ही कोणास सांगणार नाही. ज्या कोलंबियातून डॉ. डनबार दोनदा गेल्या, तेच यान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना आकाशात विखुरले आणि आपल्या कर्नालची कन्या कल्पना चावला हिच्यासह सात जण मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या धारेवर आदळला होता. ती धार कौलांची नसून कार्बनच्या कठीण पत्र्यांची होती. तीस भोक पडले, आणि परतीची ज्वाला आत शिरली. पदार्थाचे शास्त्र शिकणाऱ्यांनी हा धडा कोणत्याही यशाहून अधिक काळजीने वाचावा.

ज्या बांधवांस पुढील चौकशी करावयाची असेल त्यांच्याकरिता सांगतो. सिरॅमिक अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या देशात वाराणसी, रुरकेला व कोलकाता येथे मिळते. वाराणसीची परंपरा तर शंभर वर्षांची आहे. आपल्या इस्रोने जानेवारी २००७ मध्ये एक कुपी अवकाशात बारा दिवस ठेवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरविली, तिच्या अंगावरही सिलिकाची कौले होती, आणि ती आपल्याच लोकांनी केलेली. प्रवेशपरीक्षेचा खर्च व पहिल्या वर्षाचे वसतिगृहाचे शुल्क मंडळाच्या शिक्षणनिधीतून द्यावे, आणि त्यात मुलगा-मुलगी हा भेद नसावा, अशी लेखी सूचना आम्ही आज अध्यक्षांच्या हाती दिली आहे. तिजवर दुपारच्या बैठकीत विचार व्हावा.

डॉ. डनबार २००५ साली नासातून निवृत्त झाल्या. पुढे पाच वर्षे त्या सिअॅटल येथील विमानविद्येच्या संग्रहालयाच्या प्रमुख होत्या व नंतर २०१६ पासून टेक्सासमधील ए अँड एम विद्यापीठात अवकाश अभियांत्रिकीच्या प्राध्यापक झाल्या. २०११ च्या जुलैत शटलची उड्डाणे कायमची थांबली तेव्हा उरलेली याने निरनिराळ्या संग्रहालयांस वाटली गेली. सिअॅटलनेही एक मागितले होते. ते मिळाले नाही. त्याऐवजी ज्यात अंतराळवीरांना प्रत्यक्ष उड्डाणापूर्वी शिकवीत असत ती यानाची पूर्णाकृती प्रतिकृती २०१२ साली तेथे आली. ती बहुतांशी लाकडी फळ्यांची आहे, तिला पंखही नाहीत. परंतु खऱ्या यानात पाहुण्यांना पाऊल ठेवता येत नाही, आणि या लाकडी यानात शाळेची मुले आत शिरून पाहू शकतात.